नाव नसलेलीला पाणी

अराबा मान्सा मासे धुरावर वाळवून विकायची. अनोमाबो गावच्या किनाऱ्यावर तिच्या मातीच्या भट्ट्या होत्या. दिवसभर धूर अंगावर यायचा आणि तिला तो आवडायचा. साठी उलटली तरी हात शाबूत, दात शाबूत, तोंड तर फारच शाबूत.

तिच्या घराण्याचं दगडी घर किल्ल्यासमोर. एके काळी या घरातले पुरुष आतल्या मुलखातून माणसं आणून किल्ल्यातल्या गोऱ्यांना विकत. आधी डचांना, मग इंग्रजांना. त्याच पैशावर हे दगड उभे राहिले. तापानं फणफणलेली एक पोरगी मात्र जहाजवाल्यांनी नाकारली, म्हणून ती घरात राहिली. ती अराबाच्या आजीची आजी. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. दुसऱ्याचं मूळ सांगायचं नाही, हा इथला कायदा. त्याच्या सावलीत अराबाच्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या सुखानं चार घास खाल्ले, आणि त्याच सावलीत त्या पोरीचं नाव विरून गेलं.

घरातली थोरली बाई वारली, तेव्हा तिची जागा वयानं अराबाकडे येत होती. अराबाला मानाची हौस नव्हती. पण सणाला थोरली पाणी ओतते आणि घरच्या मेलेल्यांना एकेकाला हाक मारते. त्या पोरीला आजवर कुणी बोलावलं नव्हतं. अराबाला तेवढंच करायचं होतं.

बैठकीत वारलेल्या थोरलीचा भाचा फिफी उठला. अराबानं आपली रस्त्याकडेची खोली त्याला दिली नव्हती, त्याचा राग.

"मामा, थोरली घरच्या रक्ताची हवी. हिच्या आजीची आजी कुठून..."

"तोंड मिट!" घराचे कारभारी एसुमान मामा कडाडले. "एक मेंढी दंड. वाक्य पुरं केलं असतंस तर दोन."

"अहो, पण मी खरं तेच..."

"खरं म्हणूनच मेंढी. खोटं असतं तर थपडेवर भागलं असतं."

चुलतबहीण एकुआ हसू दाबत म्हणाली, "अराबा, बस बाई तू. नाहीतर मला बसवतील, आणि मग मला उठवायला चारजण लागतील!"

अराबा थोरली झाली. मेंढीचा रस्सा तिनंच रांधला आणि नळीचं हाड फिफीच्या ताटात टाकलं. "खा रे, तुझीच मेंढी."

सणाच्या सकाळी तिनं अंगणात पाणी ओतलं, सगळी नावं घेतली. मग थांबली. घसा खाकरून म्हणाली, "आणि तू. किल्ल्यावरून परत आणलेली, माझ्या आजीची आजी. तुझं नाव आम्ही हरवलं. तूही ये. पी."



"मामा," फिफी पुटपुटला, "आता हिला किती मेंढ्या?"

मामा ओल्या मातीकडे बघत राहिले. "दुसऱ्याचं सांगायचं नाही, असा कायदा आहे. तिनं स्वतःचं सांगितलं." मग म्हणाले, "अराबा, अजून ओत. लांबून आलीय ती."

अराबानं अख्खं भांडं रितं केलं.