पोलिसाची टकटक

खाडीत पडल्यावर साडी वर येते आणि बाई खाली जाते. तोंडात खारट पाणी, कानात नुसता घूं असा आवाज, डोळ्यांसमोर सगळं हिरवट, आणि जिला धरायला मी धक्क्यावरून वाकले ती सात वर्षांची नात हातातून सुटलेली. हातपाय मारावेसे वाटले. मारले असते तर हे लिहायला मी नसते. नेमकं तेव्हा त्या मेल्या पोलिसाचं बोलणं आठवलं, "मावशी, जगाशी भांडा, सुनेशी भांडा, पाण्याशी भांडू नका." मी भांडले नाही. नवऱ्याचं मी कधी ऐकलं नाही, मुलाचं ऐकत नाही, डॉक्टरचं अर्धं ऐकते. अख्ख्या आयुष्यात ज्याचं शब्दाला शब्द ऐकलं असा हा एकच माणूस, आणि त्याच्याइतका विचित्र माणूस मी जतला पाहिला नाही आणि ऑकलंडलाही नाही.

ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागात मी मुलाकडे राहते. रस्त्याच्या पलीकडे, समोरच्याच घरात हा पोलीस राहतो. मूळचा इस्लामपूरकडचा. इथे शिकायला आला, शिकता शिकता पेट्रोल पंपावर उभा राहिला, मग पोलिसात गेला. त्याला दार वाजवता येत नाही. म्हणजे वाजवतो, पण पोलिसासारखं. बेल असली तरी दाबायची नाही, मुठीने ठक ठक ठक करायचं आणि मग दारासमोरून बाजूला सरकून उभं राहायचं. विरजण मागायला आला तरी असाच. आत आला की भिंतीला पाठ लावून, दार दिसेल अशा खुर्चीत बसणार. त्या खुर्चीत माझा मुलगा बसला असेल तर हा उभा राहील, पण दाराकडे पाठ करणार नाही. बोलणंही सगळं पंचनाम्याचं. पोहे कसे झालेत विचारलं तर म्हणतो, "पोहे गरम होते. शेंगदाणे आढळले. लिंबू मागितल्यावर मिळालं." त्याची बायको मला सांगत होती, लग्नाच्या वाढदिवसाला तयार होऊन हिने विचारलं, मी कशी दिसते? तर हा म्हणाला, "निळी साडी, उंची मध्यम." ती बिचारी हसली. मी असते तर हसले नसते.

लाडवाचा प्रकार तर वेगळाच. बेसनाचे लाडू त्याचा जीव की प्राण. पहिल्या दिवाळीला मी डबा भरून दिला तर त्याने हात मागे घेतले. "मावशी, पोलिसाला भेट घेता येत नाही. घेतली तर वर कळवावं लागतं."

"लाडूसुद्धा कळवणार?"

"लाडूसुद्धा."

"मग इथेच खा. पोटातलं कोण विचारणार आहे?"

यावर त्याने बराच विचार केला आणि ते त्याला नियमात बसतंय असं वाटलं. तेव्हापासून हा माणूस आमच्या ओट्याशी उभा राहून लाडू खातो. घरी एक नेणार नाही, बायकोला चवीला नेणार नाही. बायकोला खायचा असेल तर तिनेही येऊन उभ्याने खायचा.

तर असा हा माणूस शाळेच्या बोर्डासाठी निवडणुकीला उभा राहिला. इथे प्रत्येक शाळेचा कारभार बघायला पालकांचं एक बोर्ड असतं. पालक उभे राहतात, पालक मत देतात. मला मत नाही, कारण मी आजी. त्याची मुलगी आणि माझी नात एकाच वर्गात. शाळेच्या मागे पोहायचा लहानसा तलाव आहे, जुना झालेला. त्याचा पंप बिघडतो, पैसे खातो, म्हणून तो बुजवून तिथे खेळायचं पक्कं मैदान करावं असं बोर्डाचं चाललं होतं. तलाव बुजवू द्यायचा नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी हा उभा राहिला.

मत मागायला तो घरोघर गेला. वर्दी घालून जायचं नाही हा नियम, म्हणून हाफपँट आणि जँडल्स घालून गेला. इथे स्लिपरांना जँडल्स म्हणतात. पण दार तसंच वाजवलं. ठक ठक ठक, आणि बाजूला सरकला. आपल्या लोकांचं काय झालं असेल ते मी सांगायला नको. कोपऱ्यावरच्या घरातला गुजराती गृहस्थ लायसन्स घेऊन बाहेर आला. त्याच्या शेजारी नागपूरचे आजोबा लेकीकडे राहायला आले होते, ते पासपोर्ट पुढे करून म्हणाले, "व्हिसा आहे हो साहेब अजून." हा म्हणाला, "मला मत हवंय." आजोबांनी विचारलं, "कशाबद्दल?" त्यांना वाटलं जबाब घ्यायला आलाय. आणि एवढं करून लोक हसले, चहा झाला, मत देतो म्हणाले, की हा निघता निघता त्यांच्या गाडीला फेरी मारणार आणि सांगणार, "पुढचा टायर गुळगुळीत झालाय, बदला." शाळेच्या फाटकासमोर पिवळ्या रेघेवर गाडी लावणाऱ्या आयांना तर त्याने मत मागितलं आणि त्याच श्वासात गाडी हलवायला सांगितली. मी म्हटलं, "अरे, निवडणूक होईपर्यंत तरी गप्प बस." तर म्हणतो, "मूल गाडीखाली यायला निवडणूक होईपर्यंत थांबतं का, मावशी?"

मग एका संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये उमेदवारांची भाषणं झाली. सुनेबरोबर मीही गेले. बाकीचे उमेदवार काय काय बोलले ते नात मला मराठीत सांगत होती, पण ती लवकरच कंटाळली. "आजी, सेम थिंग अगेन," म्हणाली. शेवटी हा उठला आणि आधी इथला नमस्कार केला. "किया ओरा. मी निवडून आलो तर तलाव राहील. आता सगळ्यांनी जमिनीवर उताणं झोपा." पाण्यावर तरंगायचं कसं हे त्याला तिथेच दाखवायचं होतं. सगळा हॉल गार. मागे एका म्हाताऱ्याने सवयीने हात वर केले. कोणी जागचं हललं नाही. हा तिथे पुढे उभा, कान लाल झालेले, आणि सगळे आपापल्या बुटांकडे बघताहेत.

मी उठले आणि पदर खोचून जमिनीवर झोपले. दया आली म्हणून नाही. त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत कंबर धरली होती.

"आई, उठा ना, सगळे बघताहेत," सून खालच्या आवाजात म्हणाली.

"बघू दे. मला छत दिसतंय."

तेवढ्यात माझ्या शेजारी धप्पकन कोणी तरी पडलं. केसात फूल खोचलेली, माझ्या दुप्पट अंगाची एक सामोअन, म्हणजे सामोआ बेटांवरची, आजी होती. तिने माझ्याकडे बघून डोळा मारला. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही, पण त्या दिवसापासून आमचं छान जमतं. पोलीस आमच्या दोघींमध्ये उभा राहून इंग्रजीत शिकवायला लागला आणि मधूनच मराठीत, "पोट वर. हनुवटी वर. तोंड बंद. मावशी, तोंड बंद."

निकालाच्या दिवशी आमच्या दारावर ठक ठक ठक झालं. दार उघडलं तर हा बाजूला उभा. "निकाल लागला. उमेदवार पडला."

"कोण पडला?"

"सदर मी."

मी त्याला आत घेतलं, हातात लाडू दिला. त्याने तो धरला, खाल्ला नाही. मी विचारलं, एवढा का त्या पाण्याच्या मागे लागला आहेस? तुझी पोर पोहते, तू पोहतोस, मग? तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याशी पंचनामा सोडून बोलला. "मावशी, बुडणारे पोहायला गेलेले नसतात. फिरायला गेलेले असतात. अंगात जीन्स असते, साडी असते, पायात बूट. मग कोणाला तरी त्यांच्या घरी जाऊन दार वाजवावं लागतं. आत कुकरची शिट्टी होत असते. दार उघडलं की मी टोपी काढतो. टोपी काढली की घरच्या बाईला कळतंच, मला बोलावं लागत नाही." लाडू त्याने ताटलीत परत ठेवला. "पुन्हा ते दार मराठी घराचं नको, एवढंच वाटतं. कोणाचंच नको."

मी ताटलीवर झाकण ठेवलं.

डिसेंबरात इथे उन्हाळा असतो. सुट्टीत शाळा तलावाची किल्ली भाड्याने देते, घरच्यांनी येऊन डुंबावं म्हणून. निवडणुकीत पडलेल्या या उमेदवाराने पहिली किल्ली घेतली आणि मोठ्या बाईंची परवानगी काढून शनिवारी सकाळी शिकवणी सुरू केली. त्याची पद्धत जगावेगळी. पोहायच्या कपड्यांना इथे टॉग्स म्हणतात. टॉग्स घालून आलेल्यांना तो घरी पाठवायचा. "पडताना टॉग्स घालून कोण पडतं? रोजचे कपडे घालून या." बाप्ये जीन्समध्ये, पोरं शाळेच्या गणवेशात, आणि मी साडीत. आजूबाजूचे लोक कुंपणावरून बघायचे आणि हसायचे. हसण्यासारखंच होतं. आमच्या जत भागात बुडायलाही पाणी नव्हतं. विहिरीत घागर सोडली की तळाचा दगड वाजायचा. मला पाण्यात उतरायची भीती नव्हती, कारण भिण्याइतकं पाणी मी कधी पाहिलंच नव्हतं. आत उतरल्यावर मात्र भीती कळली. साडी पायात गुंडाळली, मी त्याच्या गळ्यात पडले, त्याच्या कानाला ओरबाडलं. तो शांत. "मावशी, निऱ्या सोडा."

"चार लोकांत?"

"आत परकर आहे ना? निऱ्या आधी, लाज नंतर."

पुढच्या खेपेला मी सुनेची काळी लेगिंग आत घातली आणि निऱ्या सोडल्या. अख्खा उन्हाळा त्याने माझ्याकडून एवढंच करून घेतलं. निऱ्या सोडायच्या, पाठीवर पडायचं, कान पाण्यात जाऊ द्यायचे, तोंड आभाळाकडे, आणि गप्प. नात माझ्या शेजारी तरंगत असायची आणि मला रागवायची, "आजी, डोन्ट टॉक."

सुट्टी संपत आली तेव्हा ती सामोअन आजी तिच्या गाडीतून आम्हा दोघींना खाडीवर घेऊन गेली. ती लाकडी धक्क्यावर बसून मासे धरते. तिच्या गळाला मासा लागला, तो बघायला नात वाकली, घसरली, मी फ्रॉक धरायला गेले आणि आम्ही दोघी गेलो. पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे. मी निऱ्या सोडल्या. साडी गेली, मी वर आले. आभाळ दिसलं, श्वास मिळाला. कान पाण्यात होते म्हणून काही ऐकू येत नव्हतं, नात कुठे आहे ते कळत नव्हतं, आणि मान वळवली तर मी परत खाली जाणार हेही कळत होतं. तेवढा वेळ मी कसा काढला ते मी सांगणार नाही. मग माझ्या हाताला छोटे थंड पाय लागले. ती माझ्या डोक्याशी पाठीवर पडून होती, पोट वर, हनुवटी वर. आभाळाकडे बघत म्हणाली, "आजी, डोन्ट टॉक." मी कुठे बोलत होते?

सामोअन आजीने आपला मासे ठेवायचा बर्फाचा डबा, इथे त्याला चिली बिन म्हणतात, तो माशांसकट पाण्यात फेकला. मासे एकीकडे, झाकण एकीकडे, डबा आमच्याकडे. आम्ही तो धरला. धक्क्यावरच्या पोरांनी दोर टाकून आम्हाला ओढून घेतलं. माझी साडी दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी गळाला लागली म्हणतात.

पोलिसांची गाडी आली तेव्हा तिच्यातून तोच उतरला. त्याची ड्यूटी होती. आम्ही टॉवेल गुंडाळून बसलो होतो. त्याने नातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पंचनाम्यातलं एक वाक्य त्याला सुचेना. शेवटी म्हणाला, "मावशी, निऱ्या सोडल्या?" मी म्हटलं, "सोडल्या." मग तो खाडीकडे तोंड करून उभा राहिला.

यंदा बोर्डावर एक जागा रिकामी झाली आहे, तो परत उभा आहे. तलाव अजून बुजवलेला नाही. टायरबद्दल बोलू नको असं मी बजावलंय, पण तो बोलणारच. या वेळी मी त्याला लाडवांचा डबा भरून दिला. तो हात मागे घ्यायला लागला तेव्हा म्हटलं, "वर कळव. कशाबद्दल दिला तेही कळव." त्याने डबा घेतला आणि घरी नेला. मी दारातून बघत होते. रस्ता ओलांडेपर्यंत त्याने तो दोन्ही हातांत धरला होता.

खाडीत पडलो त्या दिवशीचं एक मला नंतर कळलं. आमची सून रात्रपाळी करून घरी झोपली होती, फोन बंद ठेवून. तिला सांगायला तोच गेला. दारावर ठक ठक ठक झालं. सून म्हणते, झोपेतसुद्धा मला कळलं कोण आहे ते. विरजण मागायला आला असेल म्हणून ती उठली, दार उघडलं, तर तो वर्दीत. नेहमीसारखा बाजूला सरकला नव्हता, अगदी दारासमोर उभा होता. टोपी डोक्यावर होती, आणि ती जणू कोणी काढून घेईल अशी त्याने एका हाताने दाबून धरली होती. सुनेने काही विचारायच्या आधीच म्हणाला, "वहिनी, तुमच्या सासूबाई आणि तुमची मुलगी खाडीत पडल्या होत्या. दोघी जिवंत आहेत."

दोघी जिवंत आहोत.