आमचा फुकटातला मेंदूवर्ग

शाळेत आठवडाभर जे घडतं ते पुढच्या आठवड्यापर्यंत टिकत नाही. आमच्या रविवारचं मात्र टिकतं. कारण सोमवारी स्टाफरूममध्ये डबे उघडायच्या आधीच कुणीतरी विचारतं, "काय मॅडम, काल कुणाचं डोकं उघडलं?" मग मी सांगते, सगळे हसतात आणि तो किस्सा पक्का होऊन जातो. असे सहा वर्षांचे रविवार साठलेत. सांगताना मीही हसते. घरी जाताना एसटीत एकटी बसले की तेच किस्से जरा वेगळे ऐकू येतात, एवढंच.

मी परभणी जिल्ह्यातल्या पालमच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. पुण्याच्या एका संशोधन संस्थेनं नववी ते बारावीच्या मुलांसाठी मेंदूविज्ञानाचा वर्ग काढला होता. दर रविवारी ऑनलाइन व्याख्यान, सोबत छापील पुस्तिका, सगळं मोफत. शाळेनं फक्त खोली, पडदा आणि एक शिक्षक द्यायचा. शिक्षक म्हणून मी उभी राहिले. खोली म्हणजे आमची प्रयोगशाळा. आणि प्रयोगशाळा म्हटली की रजाकभाई आलेच. पंचवीस वर्षं तिथली कपाटं, बरण्या आणि किल्ल्या त्यांच्याच ताब्यात. रविवारी यायची त्यांना काही गरज नव्हती. पण म्हणाले, "आप तोडेंगे सब, मैं आताऊं."

*

पहिल्या पालकसभेत मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मेंदूविज्ञान वर्ग, मोफत'. सभा संपल्यावर एक आजोबा मागं थांबले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाले, "मॅडम, नातवाच्या डोक्यात काही फरक वाटायलाय का तुमाला? आमाला तर बरा वाटतो."

मी समजावलं. त्यांनी मान हलवली, पण नातवाला घेऊन गेले ते गेलेच.

त्यांच्या मागोमाग एका मुलीची आई आली. "क्लासला पाठवते मॅडम, पण नाव बदला. पोरगी डोक्याच्या क्लासला जाती म्हणलं की उद्या सोयरिकीच्या टायमाला लोक पन्नास प्रश्न इचारतेत."

मी काय केलं? डस्टर घेतलं, फळा पुसला आणि लिहिलं, 'विज्ञान जादा तास'. पुढच्या रविवारी मुलं दुप्पट आली! मी खूश. स्टाफरूममध्ये दोन दिवस माझ्या हुशारीचं कौतुक चाललं होतं.

रजाकभाईंनी तेवढं विचारलं, "मॅडम, आपने बीमारी छुपाये के दवा?"

त्या आजोबांच्या घरी कुणीतरी डोक्याच्या दुखण्यानं आजारी असणार, हे मला फार उशिरा सुचलं. पहिला तास खरं तर त्यांनाच हवा होता.

*

मेंदू नुसता चित्रात किती दिवस दाखवणार? पुस्तिकेत लिहिलं होतं, शक्य असल्यास बकऱ्याचा मेंदू आणून दाखवा. रजाकभाई सकाळी सकाळी मटणाच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "कित्ते लोगां का खाना है?"

"खाने कू नै, पढने कू होना. साबूत निकाल, फूटना नै."

दुकानदार सुरी ठेवून हसायला लागला. "मियाँ, भेजा लेको जानेवाले रोज आते. भेजा लेको आनेवाला आज तक एक नै आया!"

हा किस्सा मी जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगितलाय. पुढचा भाग सांगत नाही.

त्या दिवशी वर्गात शिवकन्या होती. नववीतली, गळ्यात तुळशीची माळ, अक्षर मोत्यासारखं. ताटलीतला मेंदू बघून ती दोन पावलं मागं सरली, पण नजर काही हलेना. म्हणाली, "मॅडम, हात न लावता लांबून बघितलं तर चालतं का?"

मी त्या दिवशी फार जोरात होते. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "हात लावल्याशिवाय विज्ञान येत नसतं, शिवकन्या!"

तिनं पुस्तिका दप्तरात घातली, चपला घातल्या आणि गेली. पुन्हा रविवारी आली नाही. इतर दिवशी वर्गात माझ्यासमोरच बसायची, पण मेंदूचं नाव काढलं नाही. मीही नाही.

मुलं पांगल्यावर रजाकभाई ताटली धुवत होते. मेंदू त्यांनीच कापला होता, त्यांनीच उलगडून दाखवला होता. मी लांबून पट्टीनं भाग दाखवत होते. पाणी बंद करून म्हणाले, "मॅडम, हात तो आपने बी नै लगाये."

*

आता आम्रपालीचं सांगते. ताडकळसकडची. वडिलांची मजुरी, पालमला मामाच्या घरी राहून शिकायची. अकरावीत होती. बोलायला लागली की शब्द न शब्द गावचा, आणि प्रश्न असे की उत्तर द्यायच्या आधी मला खुर्ची लागायची.

त्या रविवारी पडद्यावर पुण्याचे एक मोठे डॉक्टर होते. व्याख्यान इंग्रजीतून. शेवटी म्हणाले, कुणाला काही विचारायचंय का? आमच्या खोलीत सगळे खाली बघायला लागले. आम्रपाली उठली.

"माझ्या बाबाचं बोट मळणीयंत्रात गेलं. चार वर्सं झाली. तरी ते म्हणतेत, बोट खाजवायलंय. बोटच न्हाई तर खाज कुठं हाय?"

वर्गात दोघंचौघं हसले. मला वाटलं, एवढ्या मोठ्या माणसासमोर हे असं! शाळेची काय छाप पडेल? माइक माझ्या हातात होता. तो मी तिच्याकडं दिलाच नाही. तिचा प्रश्न स्वच्छ इंग्रजीत करून मीच विचारला, नसलेल्या अवयवाच्या संवेदनेची व्याख्या काय?

डॉक्टरांनी दोन वाक्यांत व्याख्या सांगितली आणि पुढच्या शाळेकडं वळले. आपल्याला उत्तर मिळालं म्हणून मी समाधानानं मागं बघितलं.

आम्रपाली अजून उभीच होती. म्हणाली, "मॅडम, मी हे कुठं इचारलं?"

डॉक्टर अस्खलित मराठी बोलतात, हे मला पुढच्याच रविवारी कळलं.

*

तिसऱ्या वर्षापासून मुलं गळायला लागली. परभणीच्या शिकवण्या रविवारी सुरू झाल्या होत्या. एका हुशार मुलाच्या वडिलांना बाजारात गाठून मी विचारलं, "भाऊ, पोराला का पाठवत नाही? एवढं चांगलं चाललंय, तेही फुकट!"

"तेच तर मॅडम," ते अगदी प्रेमानं म्हणाले. "तिकडं दांडी मारली तर पैसे वाया जातेत. तुमच्याकडं मारली तर काय जातंय?"

माझ्याकडं उत्तर होतं. पण ते एका हातात मेथीची जुडी धरून देता येईना.

*

मग ते शिबिर आलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा दिवस पुण्याला. राहणं, जेवण, प्रवास, सगळं संस्थेचं. खऱ्या प्रयोगशाळेत खरी उपकरणं. प्रत्येक शाळेनं दोन नावं कळवायची.

कुणाला पाठवायचं यात विचार करण्यासारखं काय होतं? पहिलं नाव आम्रपाली. पण मीच मनातल्या मनात तिच्या घरी जाऊन आले. मजुरीवरचे आईवडील, वयात आलेली मुलगी, दहा दिवस पुणं. नाहीच म्हणतील. मग तिला कशाला उगीच आशा लावायची? असा सगळा संवाद मी एकटीनंच केला, दोन्ही बाजूंनी. आणि दुसरीच दोन नावं कळवली.

दोघं परत आले. त्यातल्या एका मुलाला मी सगळ्या वर्गासमोर उभं केलं, "सांग बरं, काय काय बघितलं?"

त्यानं खूप आठवून सांगितलं, "मॅडम, एसी लय जोरात होता."

वर्ग हसला. आम्रपाली हसली नाही. कारण असं काही शिबिर होतं, हे तिला त्या क्षणी कळलं.

दोन आठवड्यांनी तिचे वडील शाळेत आले. दाखल्याचं काहीतरी काम होतं. काम झाल्यावर व्हरांड्यात माझ्यासमोर येऊन उभे राहिले. टोपी हातात. आवाज अजिबात चढला नाही.

"मॅडम, पोरीनं सांगितलं पुण्याचं."

मी म्हणाले, "भाऊ, मला वाटलं तुम्ही पाठवणार नाही. तिचं मन मोडायला नको म्हणून..."

"बरोबर हाय. म्या न्हाईच म्हणलो असतो बहुतेक." टोपी डोक्यावर घातली. "पण न्हाई म्हणायचं काम माझं हुतं, मॅडम. तुमचं न्हाई."

आणि नमस्कार करून गेले. हा किस्सा मी स्टाफरूममध्ये सांगितलेला नाही.

*

एवढं होऊनही पोरगी रविवारी यायची थांबली नाही. का, ते मी तिला कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती म्हणा.

त्या पावसाळ्यातला एक रविवार. वर्गात मोजून चार मुलं. आदल्या आठवड्यात पक्षाघाताचा धडा झाला होता. मेंदूतला रक्तपुरवठा अडला की काय दिसतं, माणसाला हसायला सांगा, हात वर करायला सांगा, बोलायला लावा, आणि घड्याळ बघा. मी तो धडा फार रंगवून शिकवला होता. नक्कल करून दाखवली होती, टाळ्या पडल्या होत्या!

तर त्या दिवशी रजाकभाई बरणी घेऊन आले. मी म्हटलं, मोठं बीकर पण काढा. ते काहीतरी बोलले. मला एक अक्षर कळलं नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा तोंडातल्या तोंडात तसंच. त्यांना तंबाखूची सवय. माझं डोकंच तडकलं. "रजाकभाई, किती वेळा सांगितलं, वर्गात तोंडात काही ठेवून बोलत जाऊ नका. आधी थुंकून या! मुलांनी काय शिकायचं तुमच्याकडून?" असं बरंच काही. पंचवीस वर्षं त्या खोलीत असलेल्या माणसाला, मुलांसमोर.

ते ऐकत उभे होते. मग कपाटाकडं वळले, बीकर उचललं आणि ते त्यांच्या डाव्या हातातून सुटलं. काचा सगळीकडं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आम्रपाली काचांवरून पलीकडं गेली. रजाकभाईंच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "चाचा, हसा बरं जरा."

रजाकभाई तिच्याकडं बघून हसले. अर्धेच हसले.

"हात वर करा चाचा. दोन्ही."

एक गेला.

तिनं त्यांना खुर्चीवर बसवलं, फळ्याच्या वर टांगलेल्या घड्याळाकडं बघितलं आणि दारातल्या मुलाला सांगितलं, "पळ, गाडी आण. जीप असंल तर जीप. परभणीला जायचंय म्हणावं." मी तिथंच उभी. खडू हातात.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे जिवाला घोर नको. रजाकभाई आहेत. डावा हात अजून जड आहे, बोलताना एखादा शब्द अडतो, पण घरच्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारण्याइतके बरे आहेत. गोठलेलं रक्त विरघळवायचं इंजेक्शन वेळेत बसलं. थोडा आणखी उशीर झाला असता तर देता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

परभणीच्या दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा ते डॉक्टर घाईघाईनं बाहेर आले. माझ्याकडं बघून, मी मोठी म्हणून, विचारलं, "त्रास नेमका किती वाजता सुरू झाला? अंदाज नको. नीट आठवून सांगा."

मी म्हणाले, "साडेदहाच्या सुमारास."

"न्हाई सर," माझ्यामागून आम्रपाली पुढं आली. तिच्या सलवारीला काचेनं फाटलेलं होतं. "बीकर पडलं तवा दहा वाजून एकवीस मिनटं झाली हुती. पण चाचाचं बोलणं त्याच्या आधीच बिघडलं हुतं. त्याच्यानंतर मॅडम त्यांना तीन मिनटं रागवायल्या हुत्या. मंजी दहा अठरा लिहा."