मोआगीनं एकतीस वर्षं न दिलेली गुरं

सिक्वाने गावच्या मोआगीला बंद पडलेल्या इंजिनाची धास्ती कधी वाटली नाही. माळावरच्या एखाद्या बोअरचं डिझेल इंजिन अडलं आणि गुरं तहानेनं हंबरायला लागली की माणसं त्यालाच शोधत यायची. तो क्षणभर कान लावायचा, दोन नट सैल करायचा, एक शिवी हासडायचा, आणि इंजिन धडधडायला लागायचं. असा हा सत्तावन्न वर्षांचा गडी आयुष्यात एकाच गोष्टीला भ्यायला. लग्नाला.

घरात बाई नव्हती असं मात्र नाही. तेबात्सो एकतीस वर्षं त्याच्याच घरात होती. गोराता ही लेक झाल्यापासून गाव तिला मा-गोराता, म्हणजे गोराताची आई म्हणायचं, आणि त्याला रा-गोराता, गोराताचा बाप. अंगण तिनं सारवायचं, कोंबड्या तिनं कोंडायच्या, ज्वारीच्या लापशीला किती आंबवायचं ते तिनं ठरवायचं. फक्त तिच्या माहेरी गुरं गेली नव्हती. आणि आठ गुरं माहेरच्या गोठ्यात उभी राहिल्याशिवाय बाई तिथं बायको होत नाही. केस पांढरे झाले तरी ती मुलगीच राहते.

आता यातली गंमत पाहा. तेबात्सोचा धंदा शिवणाचा. लग्नाच्या बोलणीला जाताना गावच्या बायका जे निळे छापील झगे घालतात, त्यातले निम्मे हिच्या मशीनवरचे. ओठांत टाचण्या धरून ती दुसऱ्यांच्या कमरा मोजायची आणि तिला स्वतःला त्या बोलणीत पाऊल टाकायची मुभा नव्हती. कारण तिथं फक्त लग्न झालेल्या बायका बसतात. मोआगी दारात बसून तिच्या कात्रीकडे बघत राहायचा. कापडावर खूण न करता ती सरळ रेघेत कापत जायची. आणि रोज सकाळी डोळे उघडले की त्याला नव्यानं नवल वाटायचं, की ही अजून इथंच आहे. जायला तिला कुणी अडवलं नव्हतं. तरी ती होती. हे नवल त्याला इतकं आवडायचं, की ते तिला एकदा बोलून दाखवावं हे काही त्याला सुचलं नाही.

संध्याकाळी मोरुलाच्या झाडाखाली ज्वारीच्या बिअरचा डबा हातोहात फिरायचा, तिथं असे बिनलग्नाचे बाप पाच-सहा तरी होते.

"हल्लीच्या बायकांना नवरा कशाला लागतो रे?" गाओने म्हणायचा. हा मोआगीचा लहानपणापासूनचा दोस्त. "पगार त्यांचा, प्लॉट त्यांचा, गाडी त्यांची. आपण गुरं द्यायची, आणि वर बोलणी खायची!"

"तुझी आहेत किती गुरं?" कुणी तरी विचारायचं.

"नाहीत, म्हणून तर सुखी आहे!" आणि सगळे खिदळायचे.

मोआगीकडे गुरं होती, चांगली चाळीसभर. त्याची अडचण वेगळी होती, आणि ती त्यानं झाडाखालीही कधी काढली नाही.

मग त्या हिवाळ्यात गोराता घरी आली. ही पोरगी खाणीवर दुमजली घराएवढा ट्रक चालवते. तिचा होणारा नवरा चार वर्षं आज-उद्या करत होता. शेवटी तिनं त्याला सांगितलं, घर मी बांधलंय, कुलूप माझं आहे, महिन्याभरात तुझे मामा बोलणीला आले नाहीत तर कुलूप बदलेन. तो मुकाट्यानं तयार झाला. पण घोडं अडलं ते तेबात्सोच्या भावापाशी. रांको हा तिचा थोरला भाऊ, म्हणजे गोराताचा मामा, आणि तिथं भाचीचं लग्न मामाच्या शब्दाशिवाय हलत नाही.

"आईची गुरं आली नाहीत आणि लेकीची घेऊ?" रांको म्हणाला. "आधी तिची येऊ देत. त्याच दिवशी सूर्य वर आला की पोरीची घेतो. नाहीतर पाहुण्यांना सांग, घरी बसा."

गोराता बापासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, मी तुम्हाला आजवर काही मागितलं नाही."

मोआगीनं मान खाली घातली. "बरं. घालतो गुरं. तुझ्यासाठी."

आतलं मशीन थांबलं. तेबात्सो दारात आली, गळ्यात टेप तशीच.

"आणि मला कुणी विचारलं?"

"आता विचारायचं काय त्यात?" मोआगी म्हणाला. "एकतीस वर्षं तुझीच माणसं मागे लागलीत ना?"

"माझी माणसं लागली. मी कधी बोलले?" तिचा आवाज चढला नाही, आणि म्हणूनच त्याला धडकी भरली. "पोरीचं काम अडलं म्हणून मी एक कागद झाले होय, सही करून पुढं सरकवायचा?"

तेव्हा कुठं त्यानं तोंड उघडलं. त्याच्या बापानं आईसाठी वाजतगाजत गुरं दिली होती. मग बाप मारायचा, आई माहेरी पळायची, आणि तिचे भाऊ तिला परत आणून सोडायचे. गुरं खाऊन झाली होती ना, परत कुठून देणार! तीनदा मोआगीनं तिला मामांच्या मागून मान खाली घालून फाटकातून येताना पाहिलं होतं. तेव्हाच त्यानं ठरवलं होतं, की आपल्या घरातली बाई गुरांनी बांधलेली नसेल.

तेबात्सोनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मोकळीक दिलीस मला. बरं केलंस. पण मोकळीक देताना मला सांगायचं राहून गेलं वाटतं." मग तिनं टेप गळ्यातून काढली. "आईचं नाव काढलंस म्हणून विचारते. तिच्या मयताला मी कुठं बसले होते?"

मोआगीनं आठवून पाहिलं. आईचं आजारपण आठवलं. तीन वर्षं तिला उठवणं, धुणं, भरवणं सगळं तेबात्सोनं केलं होतं. मयताची गर्दीही आठवली. पण त्या गर्दीत तेबात्सो कुठं होती ते काही केल्या आठवेना.

"आठवत नाही ना? असू दे. गुरं आणायची तर आण. हो की नाही ते मी तिथं सगळ्यांसमोर सांगेन." आणि ती भावाच्या घरी राहायला निघून गेली.

पुढचे आठ दिवस मोआगी तोच प्रश्न घेऊन फिरला. गाओनेला विचारलं, तो म्हणाला, "मयतात बायका कुठं बसल्या हे कोण बघतं?" शेवटी तो कोबेदीकडे गेला. कोबेदी त्याचा सख्खा मामा, पंचाऐंशी वर्षांचा, बोलणीला तोच पुढं जाणार होता.

"पाण्याच्या पिंपांपाशी," म्हातारा म्हणाला. "कुमारी पोरींबरोबर भांडी घासत होती. मयताच्या घरात दुःखाची गादी अंथरतात, तिच्यापाशी घरच्या लग्नाच्या बायका बसतात. तुझ्या आईचा प्राण हिच्या मांडीवर गेला, आणि गादीपाशी हिला जागा नव्हती." मग म्हणाला, "आम्हाला वाटलं तुला माहीत आहे."

मोआगी त्या दिवशी कामाला गेला नाही. घराच्या मागं बसून ढसाढसा रडला.

ठरल्या दिवशी पहाटे थंडी हाडात शिरत होती. कोट घातलेले म्हातारे रांकोच्या अंगणात जमिनीवर ओळीनं बसले. नवरदेवानं बोलणीत यायचं नसतं, म्हणून मोआगी कुंपणाबाहेर आठ गुरांबरोबर उभा होता, अंगात कामाचाच सदरा. आतल्या खोलीत गोराता निळ्या झग्यांच्या बायकांमध्ये बसली होती आणि तिच्या सासरची माणसं गावाच्या वेशीवर गाड्यांत थांबली होती. आईची गुरं आत गेली नाहीत तर त्या गाड्या तिथूनच माघारी वळणार होत्या.

तेबात्सोला बाहेर बोलावलं. तिच्या अंगावर रोजचाच तपकिरी झगा होता.

"या माणसांना ओळखतेस का?" रांकोनं रीतीप्रमाणे विचारलं. मुलीनं "हो" म्हणायचं आणि खाली बघत आत जायचं, एवढंच त्या प्रश्नाचं काम असतं.

"ओळखते," तेबात्सो म्हणाली, आणि जागची हलली नाही. "पण ज्यानं यांना पाठवलं तो मला ओळखतो का ते विचारा. त्याच्या आईच्या मयताला मी कुठं बसले होते?"

 कोबेदीनं खाकरून उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात कुंपणाच्या काट्यांत सदरा फाडून घेत मोआगी आत आला. धावतच आला. म्हाताऱ्यांच्या ओळीपुढं मातीत बसला.

"पिंपांपाशी," तो म्हणाला. "पोरींबरोबर भांडी घासत. माझ्या आईला तिनं लेक होऊन सांभाळलं आणि मी तिला गादीपाशी बसू दिलं नाही. मी पाहिलंसुद्धा नाही. मला वाटायचं मी हिला मोकळी ठेवलीय. मी हिला बाहेर ठेवली होती." त्याला धाप लागली. "पोरीचं काय व्हायचं ते होवो. हिनं नाही म्हटलं तर कुणी हिला काही बोलायचं नाही."

"आधी कोट कुठाय?" रांको गरजला. "बोलणीत बिनकोटाचा आला! नवरदेव असून आला! एक बकरा दंड!"

"दोन घ्या," मोआगी म्हणाला.

तेबात्सो त्याच्याकडे बघत होती. मोआगीला वाटलं, ही बाई आपण आजवर कधी नीट पाहिलीच नाही. एवढ्या म्हाताऱ्यांसमोर, स्वतःच्या लेकीचं लग्न तळहातावर धरून, ती ताठ उभी होती, आणि तिला कसलीच घाई नव्हती. गुरांनी ही बांधली जाईल म्हणून आपण भीत होतो! हिला बांधील असं दावं कुणी वळलेलंच नव्हतं. 

"दादा, गुरं आत घे," ती रांकोला म्हणाली. "ही माझ्यासाठी आलीत ना असं कुणी विचारलं तर हो सांग. पोरीची नंतर येतील."

आणि ती लेक बसली होती त्या खोलीत गेली. दारातल्या म्हातारीनं सरकून तिला वाट दिली.

मोआगी गुरं हाकत गोठ्यात आला. गोठ्याला त्या खोलीची भिंत लागूनच होती आणि आत म्हाताऱ्या बायकांनी आईला नि लेकीला, दोघी नवऱ्या मुलींना, चार शब्द सांगायला सुरुवात केली होती. रीतीचे, पिढ्यान्पिढ्यांचे शब्द. नवरा रात्री कुठं होता ते विचारू नये. तो बोलेल ते ऐकावं. घरातलं दारात आणू नये. भिंतीला कान लावणं पुरुषाला शोभत नाही, पण मोआगीचे पाय हलेनात.

म्हातारी थांबली तेव्हा त्याला तेबात्सोचा आवाज ऐकू आला.

"तू विचार, बाळे," ती गोराताला सांगत होती. "मी एकतीस वर्षं विचारलं नाही. आज एकदाच विचारलं, तर तुझा बाप कोट न घालता धावत आला."

 आणि आत सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं जीभ घोळवत लग्नाच्या आनंदाची पहिली किलकारी दिली.