ताईच्या जागेवरची पिशवी

“कोणी विचारलंच, तर ताईला ऑफिसातून रजा मिळाली नाही म्हणायचं,” बाबा गाडी चालवताना हलकेच आईला म्हणाले. ताईने दोन महिन्यांपूर्वी परस्पर लग्न केलं, हे नातेवाइकांना अजून माहीत नव्हतं. आम्ही मामेबहिणीच्या लग्नाला निघालो होतो. मागे माझ्या शेजारी, ताईच्या नेहमीच्या जागेवर, आहेराची जड पिशवी होती. तिथे माणूसच बसलंय असं समजून गाडी सारखी टिंग टिंग वाजत होती. शेवटी आईने मागे वळून पिशवीला पट्टा लावला. तिचा हात पट्ट्यावर जरा जास्तच वेळ राहिला.

गाडी गप्प झाली. माणूस नसलं तरी त्याची जागा बोलत राहते, आणि आपण तिचंही तोंड बंद करतो. ‘मी पण येऊ?’ असा ताईचा मेसेज सकाळीच मला आला होता. मी उत्तर दिलं नव्हतं. गप्प बसण्याबद्दलच तर घरात माझं कौतुक होतं.

मांडवाच्या दारात मामीने माझा हात धरला. “अगं, ताई कुठंय? नवरीने केव्हाचा घोशा लावलाय!”

बाबा माझ्याकडे बघत होते.

“तिला यायचं होतं, मामी,” मी म्हणाले. “आम्ही आणलं नाही.”