झोपाळ्याचं झाड

डोंगरातल्या आमच्या घराभोवतीची धोक्याची झाडं पाडायला एकच माणूस यायचा. सगळे त्यांना ठोक्या म्हणत. मी भाऊजी म्हणायची, कारण ते माझ्या नवऱ्याचे दोस्त. दोन खोल्यांचं ते लाकडी घरही दोघांनी मिळूनच उभं केलेलं.

ठोक्या हे नाव कुऱ्हाडीमुळे पडलं. झाडापाशी गेले की कुऱ्हाड उलटी धरून बुंध्यावर तीन ठोके मारायचे नि ऐकायचे. भरीव झाड खणखणीत वाजतं, आतून पोखरलेलं रिकाम्या पिंपासारखं. पोखरलेल्याला चुन्याचा पट्टा ओढायचे, की त्याचं आयुष्य संपलं. सवय एवढी की टेबल, भिंत, कलिंगड, काही सोडायचे नाहीत. माझा मुलगा लहान असताना त्याच्या डोक्यावर ठोका देऊन म्हणाले होते, "वहिनी, पोकळ नाही, पण अजून ओलं आहे."

मी चहा घेऊन गेले की मलाही ऐकवायचे. शाळेत माझ्या डोक्यात फारसं काही शिरलं नाही, पण झाडांचे आवाज मात्र पक्के बसले.

नवरा गेल्यावर दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की मागून हाक मारली तर भाऊजी ओ देत नाहीत. तीस वर्षं करवतीच्या मशीनला चिकटून काम केलेलं, कान राहणार कुठून? मला कळलंय हे त्यांनाही कळलं. म्हणाले, "वहिनी, हे आपल्या दोघांतच राहू द्या. बाहेर फुटलं तर मला कुणी फांदीसुद्धा तोडू देणार नाही." घरी बायको अंथरुणाला खिळलेली. तिचं दुखणंखुपणं, खाणंपिणं सगळं त्यांच्या कुऱ्हाडीवर चालायचं.

तेव्हापासून ते ठोके मारायचे आणि माझ्याकडे बघायचे. आवाज चांगला आला तर मी चहाचा घोट घ्यायची, वाईट आला तर कप खाली ठेवायची. असं करू या, असं आम्ही कधी बोललो नाही, ते आपोआपच होत गेलं. लोकांना दाखवायला ते कान खोडाला लावायचे, पण डोळे माझ्या कपावर. सहा वर्षं असं चाललं आणि एकही झाड चुकलं नाही.

गेल्या वर्षी झाडांना भुंगा लागला. वादळात एक फांदी स्वयंपाकघराच्या पत्र्यावर आली, तेव्हा मुलगा म्हणाला की आता मशीनवाल्या कंपनीला बोलवू, म्हाताऱ्याला विश्रांती दे. मीच हट्टाला पेटले. भाऊजी दोन कामगार घेऊन आले.

सकाळभर अकरा झाडं ऐकून झाली, सातांवर चुना लागला. मग झोपाळ्याच्या झाडाची पाळी आली. माझ्या नवऱ्याने मुलासाठी झोपाळा टांगला होता ते झाड, फांदीवर दोराचा वळ तेव्हाही दिसायचा. मी तिकडे गेले की त्याच्या बुंध्याला टेकून बसायची. तेवढंच एक माणूस उरलं होतं, म्हणा ना.

भाऊजींनी ठोके मारले. सरळ रिकामं पिंप वाजलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा प्याले. गार झाला होता, तरी प्याले. त्यांनी भुवया वर केल्या, पुन्हा ठोकलं. मी आणखी एक घोट घेतला. मनात म्हटलं, हे दरीकडे कललेलं आहे, पडलं तर दरीत पडेल, कुणाचं काय बिघडतंय?

दुपारी सगळ्यात मोठं वाळकं झाड काढायचं होतं. ते स्वयंपाकघरामागे छपरावरच कललेलं. त्याला उलट्या बाजूला पाडायचं तर समोर भरीव झाड हवं, त्याला कप्पी बांधायची नि दोर ताणून धरायचा. भाऊजींनी कप्पी झोपाळ्याच्या झाडाला बांधली.

मी ओसरीत उभी होते, मुलगा शेजारी. तोंड उघडलं असतं तर भाऊजींचे कान उघडे पडले असते, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर माझं खोटं उघडं पडलं असतं. एका ओढीपुरतं टिकेल, म्हणून मी पदराचं टोक पिळत उभी राहिले.

कामगारांनी दोर ताणला, भाऊजी मशीन घेऊन वाळक्या झाडाच्या बुडाशी वाकले. झोपाळ्याचं झाड कंबरेत कडकडलं आणि दोराबरोबर त्यांच्याच दिशेने झुकलं. आम्ही सगळे ओरडलो, मीसुद्धा. त्यांची पाठ आमच्याकडे होती. पळायला हवं होतं त्यांनी, आणि नेमकं त्यांनाच काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या क्षणी वाळकं झाड स्वयंपाकघरावर कोसळलं, पण तिकडे बघायला कुणाला सवड होती?

झाड भाऊजींच्या पाठीवर आलं, पण जीव वाचला. कंबरेखालचं अंग लुळं पडलं, हातही तोंडापर्यंत जाईनात. दीड महिन्याने घरी आणलं, बायकोच्या खाटेशेजारी दुसरी खाट टाकली. तिला बघायला आता एक भाची येते, तीही एकवेळ. मुलगा भेटेल त्याला सांगत होता, "म्हाताऱ्याचा अंदाज चुकला हो." मी ऐकून घेत होते.

मी भेटायला गेले. भाचीने हातात चहा दिला. भाऊजी माझ्या ओठांकडे बघत म्हणाले, "लोक म्हणतात माझं चुकलं. चुकलं का हो, वहिनी?"

त्या झाडापाशी ठेवायला हवा होता, तसा मी कप खाली ठेवला.

ते बराच वेळ त्या कपाकडे बघत राहिले. मग डोळे मिटून घेतले. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की त्याच्याशी काही बोलताच येत नाही.

खाली मुलगा गाडीत थांबला होता. त्याला मी पहिल्या ठोक्यापासून सगळं सांगितलं, आणि ज्याला ज्याला तू 'अंदाज चुकला' म्हणालास त्याला जाऊन खरं सांगून ये म्हटलं. 

दर गुरुवारी मी जाते. त्यांच्या बायकोची वेणी घालते, अंथरूण बदलते, दोघांना भरवते. घास ओठाला लागला की भाऊजी तोंड उघडतात. डोळे मात्र मी उंबरा ओलांडेपर्यंत उघडत नाहीत.