गेममधली माणसं भांडत नाहीत

मंडळी, आज पिरंगुटला ट्रॅफिक तुंबलं होतं आणि पुढच्या बसच्या खिडकीत अनघा दिसली. मी कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदाच.

बाइक लावून बसकडे पळणार, तेवढ्यात उलट्या बाजूनं घुसलेला टेम्पो बाइकला घासला. डोकं फिरलं, टेम्पोपुढं आडवा उभा राहिलो.

"रस्ता तुज्या बापाचा हाय का?" टेम्पोवालाच ओरडला.

"व्हय! आमच्याच जमिनीतनं गेलाय!"

तो वरमला, पण तोवर बस सुटली.

कॉलेजात मी आणि अनघा सायबर कॅफेत एकाच कॉम्प्युटरवर शहर बांधायचा गेम खेळायचो. मी रस्ते आखायचो, ती झाडं लावायची. जाममध्ये तिथल्या गाड्या निमूट उभ्या राहायच्या.

"खोटंय सगळं, एकजण उतरून भांडत नाही," मी म्हणायचो.

"त्यांना कुठंतरी पोचायचं असतं रे," ती हसायची.

तुमच्यापैकी कुणी भांडण जिंकून बस घालवलीय का?