माझ्या पाटावरची करवत

निजामपुऱ्यात राहणाऱ्या माणसावर किस्से रुईसारखे बसतात. कापड विणायचे लूम चालले की सुताची रुई उडते. ती पापणीवर बसते, चहाच्या कपात बसते, उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहते. सकाळी झटकली तरी दुपारी परत आहेच. कुणाच्या लग्नाला गेले की बायका विचारतात, हलीमाबी, तुमच्याकडे ती करवत बनवली म्हणे, काय झालं तिचं? मी एक सांगायला घेते, त्याला चिकटून दुसरा येतो, आणि तिकडे जेवणाची पंगत उठून जाते.

*

माझी नात नाझनीन तिरंदाजी करते. अंबाडी गावाच्या पुढे एका मैदानावर सर शिकवतात, तिथे एसटीने जाते. तिच्याबरोबरची एक उंच मुलगी शिकायला लांब गेली, तिने जाताना आपले सात तीर हिला दिले. काळे, कार्बनचे, आतून पोकळ. हातात घेतले तर वजनच लागत नाही, झोपेत काहीतरी धरल्यासारखं वाटतं.

पण त्या मुलीचे हात लांब आणि आमची पोर माझ्यासारखी आखूड. तिच्या धनुष्यातून तीर सुटला की नाक खाली घालून जायचा. सर म्हणाले, हिच्या मापाचे कापून घ्या, जिल्ह्याच्या निवडीला एकसारखे सहा लागतील. दुकानवाला दुसरीकडचे तीर कापून देईना. नवे मागवले तर निवड होऊन गेल्यावर येणार.

माझा मुलगा इक्बाल लूमवाला माणूस. "नळीच हाय ना, त्यात काय," म्हणाला आणि लोखंड कापायची हातकरवत घेऊन बसला. तीर कापला नाही, उसासारखा चिरला. टोकाला दाढी फुटली.

नाझनीन रडली नाही, ओरडली नाही. उरलेले सहा तीर तिने उचलले, माझ्या गादीखाली सरकवले आणि बापाला सांगितलं, "अब्बा, हे आता तुम्हाला दिसणार न्हाईत."

सहा लागणार होते आणि सहाच उरले होते. मी त्यांच्यावर झोपत होते. रात्रभर कूस बदलायची भीती!

*

आमच्याकडे रामसुमेर म्हणून जॉबर आहे. लूम बिघडला की त्याला बोलवायचं. गोरखपूरकडचा, पण त्याचे केस इथेच पिकले. त्याने तो चिरलेला तीर डोळ्याजवळ धरला, आतून आरपार माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हाथ से नहीं. चक्का घूमेगा, तब कटेगा."

भंगारातल्या, सूत गुंडाळायच्या कांडी मशीनची मोटर त्याने काढली. लाद्या कापायची पातळ चकती आणून तिला लावली. आता तीर सरळ पडून राहील अशी फळी हवी होती.

त्याच सुमाराला माझा भाकऱ्या करायला बसायचा पाट हरवला. मी सगळं घर पालथं घातलं, मोलकरणीशी भांडले, शेजारणीवर संशय घेतला. शेवटी कारखान्याच्या मागे गेले तर पाट तिथे. मधोमध सरळ खाच पाडलेली, एका टोकाला मोटर बसवलेली. मी म्हटलं, सासूने दिलेला पाट हाय तो.

रामसुमेरने मान वर केली नाही. "दादी, आप बहुत बैठ लीं. अब तीर लेटेगा."

*

खऱ्या तिरावर करवत कशी चालवायची? आधी हात बसायला पाहिजे. तिराएवढं लांब, गोल, सरळ असं काय मिळेल यावर दोन दिवस बैठक चालली. उत्तर बाजारात होतं. शेवग्याच्या शेंगा!

इक्बाल जुड्याच्या जुड्या आणू लागला. नाझनीन पाटावर शेंग झोपवायची, चकतीला लावायची, हळूच फिरवायची. हिरवा वास सुटायचा, कारखान्यात शेत आल्यासारखं वाटायचं. आणि ते तुकडे मग माझ्या टोपात. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ शेंगांचं कालवण. एक बरं होतं, सगळे तुकडे एका मापाचे. सुनेने पहिल्या दिवशी कौतुक केलं. चौथ्या दिवशी ताटात बघून म्हणाली, "अम्मा, हिला मटण कापायला शिकवा की."

*

शेंगा जमल्या, मग चिरलेल्या तिराचे उरलेले तुकडे कापून बघितले. आरशासारखे गुळगुळीत निघाले. ठरलं, शुक्रवारी खरे कापायचे. निवड रविवारी होती.

शुक्रवारी आमच्या गल्लीत लूम बंद असतात. इतर दिवशी चोवीस तास धाडधाड चालू, जमीन थरथरते, मडक्यातलं पाणीसुद्धा शहारतं. शुक्रवारी मात्र गल्ली अशी गप्प होते की कबुतरांची पावलं पत्र्यावर ऐकू येतात. माणसं हळू बोलतात, स्वप्नात असल्यासारखी. इक्बाल म्हणाला, शांततेत काम चांगलं होईल.

नशीब, नाझनीनने आधी जुनाच तुकडा लावला. चकती लटपटली, तुकडा तिरका कापला. परत लावला, परत तिरका.

रामसुमेरने मोटरखाली पाचर ठोकली, काढली, परत ठोकली. मग उकिडवा बसला आणि जमिनीवर तळवा ठेवून बराच वेळ राहिला, ताप बघावा तसा.

"मैंने इसको हिलती जमीन पे बिठाया है," तो म्हणाला. "आज जमीन सो रही है."

इक्बाल म्हणाला, आपले लूम तेवढे चालू करतो. पण चार लुमांनी काय होणार? जमीन हलायला अख्खी गल्ली लागते. मग काय, सगळे हात जोडून बसलो, शनिवार उजाडायची वाट बघत.

*

शनिवारी सकाळी गल्लीने धाडधाड सुरू केली आणि मी अल्लाचे आभार मानले. या आवाजासाठी मी आयुष्यात पहिल्यांदा आभार मानले असतील.

आधी माप. नाझनीन ओट्यासमोर गल्लीत उभी राहिली, तीर लावला, दोरी हनुवटीपर्यंत ओढली. ती तशी ओढून धरेल तेवढ्यात कुणीतरी पुढे खूण करायची. काळ्या तिरावर पेन्सिल उठेना. इक्बाल खडू शोधायला धावला. पोर दोरी धरून किती वेळ राहणार? मी पानाच्या डबीतला चुना बोटावर घेतला आणि टेकवला. पांढरा टिपका, चांदणीएवढा.

समोरून येणारी रिक्षा थांबली होती. रिक्षावाल्याने मला अदबीने विचारलं, "चाची, मैं निकल जाऊँ, या मेरा ही नंबर है?"

*

कापताना काळी भुकटी उडते, ती छातीत जाऊ नये म्हणून सरांनी तोंड बांधायला सांगितलं होतं. रामसुमेर इस्त्रीच्या बाटलीने पाणी शिंपडत होता. नाझनीनने फडकं बांधलं आणि डोळ्यांना काही होऊ नये म्हणून बापाचं मोटरसायकलचं हेल्मेट घातलं.

तेवढ्यात शेजारची साबिरा साखर मागायला आली. पाटासमोर हेल्मेट घालून बसलेली मुलगी बघितली. वाटी तशीच हातात धरून मला हळूच म्हणाली, "बसल्या जागी पण पडते का ती?"

एक कापला, दुसरा कापला. सहावाही कापून झाला. नाझनीनने सहाही तीर पाटावर उभे टेकवले, वरून तळवा फिरवला. हाताला कुठे काही लागलं नाही. ती हेल्मेटच्या आत रडत होती. ते मला काच धुरकट झाली म्हणून कळलं.

*

नळ्यांत लोखंडी टोकं परत बसवली आणि रविवारी आम्ही सगळे मैदानावर गेलो. आमचे हेसुद्धा आले. ह्यांचं नाव आतापर्यंत आलं नाही, कारण हे कशातच नसतात. जन्मभर लूमवर उभे राहिले, त्यात कान गेले. घरात मी कानाशी तोंड नेऊन ओरडते तेव्हा कुठे "हं" म्हणतात. झाडाखाली बसवलं तर डोळे मिटून बसले.

मैदान एवढं मोठं आणि एवढं गप्प. लांबवर ते गोल रंगीत तबक उन्हात विरघळल्यासारखं दिसत होतं. दुपारपर्यंत बऱ्याच मुली गळल्या. शेवटी एकच जागा उरली आणि दोघी बरोबरीत, अंबाडीची एक आणि आमची. दोघींना एकेक तीर. अंबाडीच्या मुलीचा मधल्या पिवळ्यात गेला, पण कडेला. आता नाझनीनचा त्याच्या आत जायला पाहिजे होता.

तिने ओढला. चुन्याचा टिपका पुसला नव्हता, पुसट दिसत होता असं मला वाटलं. माझ्या डोळ्यांना तेवढं दिसणं शक्य नाही, पण वाटलं.

तीर सुटला आणि उन्हात नाहीसा झाला. कुठे गेला कुणाला कळेना. सर दुर्बीण शोधू लागले. मी पदर चावत उभी.

माझ्या मागून हे म्हणाले, "बसला."

डोळे मिटलेलेच. मी लक्ष दिलं नाही. सरांनी दुर्बीण लावली, बराच वेळ बघितलं, मग खाली घेतली. "मधोमध. नाझनीनचं नाव लिहा."

पोर तिकडून धावत सुटली. मी ह्यांची बाही धरली, कानाशी तोंड नेलं आणि ओरडून विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

ह्यांनी डोळे उघडले. वेड्या बाईकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"आवाज आला की."